टांकसाळीची चूक की नुसता डाग? नाणं दाखवायला आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे रोज दोन-तीन जण रुमालात गुंडाळलेलं नाणं घेऊन येतात. "हे चुकीचं छापलंय, याचे किती येतील?" त्यातली बहुतेक नाणी डागाळलेली, ठेचलेली किंवा कानस मारलेली निघतात. लांबून आलेल्या माणसाचा फेरा फुकट जातो, आम्हालाही वाईट वाटतं.

आधी एक विनंती. नाणं घासू नका. चिंच नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर तर अजिबात नको. मागे एक गृहस्थ अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं घेऊन आले होते. छाप चांगलीच एका बाजूला सरकलेली, चूक अगदी खरी. पण "स्वच्छ दिसावं" म्हणून त्यांनी ते आदल्या रात्री चकचकीत केलं होतं. ठशाची मूळ झळाळी गेली, सगळीकडे ओरखडे उठले. त्याच नाण्याला आम्हाला निम्म्याहून कमी भाव सांगावा लागला. मळ आम्ही बघून घेऊ, नाणं आहे तसं आणा.

आता ओळखायचं कसं? जे दिसतंय ते टांकसाळीतच झालं की नंतर, एवढंच शोधायचं. कड कापलेलं नाणं घ्या. चकतीच (छाप पडण्याआधीचा कोरा तुकडा) मुळात अर्धवट कापली गेली असेल, तर कापाच्या बरोबर समोरची कडही बहुतेकदा पुसट उठते, कारण ठसा पडण्याआधी चकतीची कड उठवताना तिथे पुरेसा दाब बसत नाही. घरी कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र पूर्ण उठावदार असते.

'लखी'चं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच छाप उठलेल्या नाण्याचंही तसंच. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीची छाप उठते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, आत गेलेली. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून नकली लखी बनवतात, त्यात उलट्या छापेखाली मूळ चित्र चपटं झालेलं भिंगातून दिसतं. खऱ्या लखीत खाली दुसरं चित्र नसतं.

रंगावर जाऊ नका. चंद्रभागेतून काढलेलं काळं-तांबूस नाणं म्हणजे वेगळा धातू नव्हे. 1992 पासून 2011 च्या आधीपर्यंतचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. तुमचा 'सोन्याचा रुपया' चिकटला आणि वजनही जवळपास तेवढंच भरलं, तर तो पूजेसाठी मुलामा दिलेला आहे.

आणि सालाखालचा ठिपका ही चूक नाही! ती नोएडा टांकसाळीची खूण. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, खूण नसेल तर कोलकाता. दहाच्या नाण्यावर 10 रेघा असोत की 15, दोन्ही ठरवूनच काढलेल्या छापा आहेत. अशी 14 प्रकारची नाणी चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्येच सांगितलं आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून भाव विचारू नका, आम्ही सांगत नाही. काहींना हा ताठा वाटतो. पण फोटोत वजन कळत नाही, कड दिसत नाही, आणि चुकीचा भाव सांगितला तर उद्या तुम्हीच आम्हाला विचाराल. तपासणीचे एका नाण्यामागे 50 रुपये घेतो, कारण काटा, चुंबक, भिंग करून पंधरा मिनिटं जातात. नाणं आम्ही विकत घेतलं तर ते पैसे परत. चूक खरी असेल आणि विकायची नसेल, तरी ती कोणत्या प्रकारची आहे ते चिठ्ठीवर लिहून देतो.

घरीच बघायचं असेल, तर दहापट दाखवणारं भिंग आणि नाणी ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आमच्याकडे मिळतात. भिंग घेणाऱ्याला ते कसं धरायचं हे दाखवतो. येताना नाणं कागदाच्या पुडीत एकटं ठेवा, बाकीच्या चिल्लरीत टाकू नका, आणि धरायचं ते कडेनं.