शंभर करायचेत? मग वजा लागणारच

परवा भाचीने एक कोडं पाठवलं. 1 2 3 4 5 6 7 8 9 हे अंक ह्याच क्रमाने ठेवायचे, मध्ये पाहिजे तिथे अधिक किंवा वजा टाकायचं, अंक चिकटवून 23 नाहीतर 123 केलं तरी चालेल, पण उत्तर बरोबर 100 आलं पाहिजे. लाइट बिलाच्या कोऱ्या बाजूवर सुरू केलं, आधी नुसतं अधिक वापरून. 1+2+3+4+5+67+8+9 केलं तर 99. मग 12+3+4+56+7+8+9, परत 99. एकानेच हुकतंय म्हटल्यावर माणूस काय उठतो का तिथून!

पण नुसत्या अधिकाने 100 कधीच येणार नाही, आणि ह्याचं कारण आपण सगळे शाळेत शिकलोय, ती 9 ची कसोटी. सुटे अंक मिळवले की 45 होतात, म्हणजे नवाच्या पाढ्यातले. आता 6 आणि 7 चिकटवून 67 केले की 6 च्या जागी 60 आले, वाढ झाली 54 ची, म्हणजे परत नवाच्या पाढ्यातलीच. कुठलेही अंक चिकटवा, वाढ नऊच्या पटीतच होते. म्हणून बेरीज 99 येईल, 108 येईल, 126 येईल, पण 100 नाही.

म्हणजे वजा ही इथे पळवाट नाहीये, त्याच्याशिवाय गणित सुटतच नाही. आणि ते कुठे टाकायचं हे पण अंदाजपंचे करायला नको. आठ फटी, प्रत्येकीत अधिक, वजा किंवा काहीच नाही, म्हणजे 6561 प्रकार होतात, ते एकेक करून बघत बसण्यात मला तरी मजा वाटत नाही. त्यापेक्षा सगळीकडे अधिक टाका आणि किती जास्त होतंय ते बघा.

12+3+4+5+6+7+89 घ्या. झाले 126, म्हणजे 26 जास्त. आता एखाद्या संख्येमागचं अधिक काढून वजा केलं की बेरीज त्या संख्येच्या दुपटीने उतरते, कारण ती मिळवायची तर राहिलीच, वर आणखी एकदा काढून घेतली. मग 26 उतरवायचे तर 26 च्या निम्म्या, 13 च्या संख्यांना वजा लावायचं. 6 आणि 7 मिळून 13, म्हणून 12+3+4+5−6−7+89 = 100. आणि 3, 4, 6 मिळून पण 13, म्हणून 12−3−4+5−6+7+89 = 100. एका मांडणीतून दोन उत्तरं! जास्तीचा आकडा विषम आला तर निम्मं होणार नाही, ती मांडणी लगेच सोडून द्यायची.

सगळ्यात छोटं उत्तर 123−45−67+89, त्यात वजा झालेले 45 आणि 67 मिळून 112. वरचे 13 आणि हे 112, दोन्हीच्या अंकांची बेरीज 4. कुठलंही बरोबर उत्तर तपासा, वजा केलेल्यांची बेरीज 9 ने भागली की बाकी 4 च राहते, मला तर हे बघून इतका आनंद झाला की भाचीला लगेच फोनच केला.

अशी 11 उत्तरं आहेत. तर ती म्हणते, "मामा, पहिल्या 1 च्या आधी वजा टाकलं तर?" प्रश्न चांगलाय, कारण वजा करायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि इथे डावीकडे काहीच नाही. पण मराठीत आपण वजा आणि उणे हे दोन वेगळे शब्द वापरतो ना, 5 वजा 1 ही क्रिया झाली आणि उणे 1 ही स्वतःच एक संख्या आहे. ब्रह्मगुप्ताने 628 साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले तेव्हापासून ऋण संख्येला आपल्याकडे तिची स्वतःची जागा आहे, ऋण म्हणजे कर्ज, आणि कर्ज तर खिशात एक रुपया नसताना पण असू शकतं. तेव्हा सुरुवातीला उणे 1 चालायला पाहिजे.

मग आम्ही फोनवरच 1+2+3+4+5+6+78+9 मांडलं. 108 आले, 8 जास्त, निम्मे 4. एकट्या 4 ला वजा लावलं की आधीच्या 11 मधलं एक उत्तर. आणि 1 आणि 3 मिळून पण 4 च, म्हणून −1+2−3+4+5+6+78+9. हे बारावं.