गेम लावला की स्क्रीन काळा : मॉनिटर रुसलाय की कार्डालाच जमत नाही?

"डिस्प्ले गेला बे, ग्राफिक्स कार्ड उडालं बहुतेक." परवा मंगळवार पेठेतून दोस्ताचा फोन. त्याच्याकडे अजून पेन्टियम थ्री आहे, विंडोज ९८ वाला, ट्यूबचा मॉनिटर मेला म्हणून सेकंडहँड १७ इंची एलसीडी लावलेला. एज ऑफ एम्पायर्स २ चा मेनू दिसतो आणि खेळ सुरू केला की काळं. मी विचारलं आवाज येतोय का, तर म्हणे येतोय की, लाकूड तोडायची ठकठक चालूय. मग कार्ड कुठं उडालं?

काळे स्क्रीन दोन जातीचे असतात. एकात कार्ड चित्र बरोबर पाठवतंय पण मॉनिटरला ते झेपत नाही, आणि दुसऱ्यात कार्डालाच तो मोड, म्हणजे गेमनं मागितलेल्या आकाराचं चित्र, काढता येत नाही, मॉनिटर बिचारा नुसता वाट बघत बसतो.

पहिल्यात मॉनिटर स्वतःच सांगतो, "आउट ऑफ रेंज" अशी छोटी चौकट स्क्रीनवर फिरत असते, कधी आकडेपण असतात. दोस्ताच्या चौकटीत ६८.७ किलोहर्ट्झ (सेकंदाला किती ओळी), ८५ हर्ट्झ (सेकंदाला किती चित्रं). मेनू ८०० × ६०० ला असतो तो दिसायचा, खेळ १०२४ × ७६८ ला जायचा आणि तिथं अजून जुन्या ट्यूबचा रिफ्रेश रेट, म्हणजे तेच ८५ हर्ट्झ, बसलेला. ट्यूबवर ६० ला चित्र फडफडून डोळे दुखायचे म्हणून तेव्हा आपणच ८५ करून ठेवायचो ना! असले एलसीडी बहुतेक ७५ पर्यंतच घेतात. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मॉनिटर म्हणून अजून ट्यूबचंच नाव होतं, ते काढून प्लग अँड प्ले केलं, रिफ्रेश ६० केला, झालं. डेस्कटॉपच काळा पडला असेल तर चालू होताना एफ ८ दाबून सेफ मोडमध्ये शिरायचं आणि तिथून बदलायचं.

दुसरी जात डॉसवाली, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करायच्या सिस्टीमवरच्या गेमची. माझ्या जुन्या डब्यावर ड्यूक न्यूकेम थ्रीडी ६४० × ४८० ला लावला की स्क्रीन क्षणभर काळा, मग परत सी प्रॉम्प्ट, वर वेसाबद्दल (गेमनं कार्डाकडून मोठे मोड कसे मागायचे त्याचं स्टँडर्ड) कुरकुर करणारी एक ओळ. आवाज नाही, आउट ऑफ रेंज नाही, काही नाही. गेम १९९६ चा, त्याला वेसाचं २.० पाहिजे जे १९९४ ला आलं, आणि कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्यातच भरलेल्या प्रोग्राममध्ये, १.२. जुन्या पद्धतीत कार्डाची मेमरी ६४ केबीच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्यानं दिसते, २.० मध्ये सगळी सलग मिळू शकते, म्हणजे घडी घातलेली चादर एकेक पट्टा उलगडून बघणं आणि अख्खी पसरून टाकणं एवढा फरक. इथं मॉनिटर बदलून शष्प उपयोग नाही. गेमच्या आधी युनिव्हीबीई नावाचा, वेसा २.० पुरवणारा छोटा प्रोग्राम लोड करायचा, नाहीतर गुपचूप ३२० × २०० ला खेळायचं.

आणि ३२० × २०० लाच काळं झालं तर लगेच मॉनिटरला नावं ठेवू नका. त्यात कार्ड प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळी करतं, ७० हर्ट्झला, आणि डॉसची अक्षरंपण ७० हर्ट्झलाच असतात, त्यामुळं अक्षरं दिसत असतील तर हा मोडपण दिसायला पाहिजे. गेम अडकलाय का कळायला नम लॉकचा दिवा लागतो का बघा असं बरेच जण सांगतात पण डॉसचे गेम कीबोर्ड आपल्याच ताब्यात घेतात, गेम जिवंत असूनही दिवा हलत नाही, त्यापेक्षा आवाज येतोय का कान लावा.

दोस्ताचा गेम चालू झाला, आता म्हणतो चित्र उभं ताणल्यासारखं दिसतंय. पॅनल १२८० × १०२४ चं, म्हणजे ५:४, गेम ४:३, ताणणारच की बे.