गरोदरपणातलं नैराश्य आणि जोडीदाराची मारहाण: पार्श्वभूमी

गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरांनी १८५८ मध्येच जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तरी पुढची शंभरेक वर्षं वैद्यकाचं लक्ष बाळंतपणानंतरच्या आजारांवरच राहिलं. दिवस गेलेली बाई आनंदातच असणार, हे डॉक्टरही धरून चालले होते.

मारहाणीचा विषय आला तो निराळ्याच वाटेने, बायकांच्या चळवळीतून. १९७१ मध्ये एरिन पिझी यांनी लंडनच्या चिझिक भागात पीडित बायकांसाठी आसरा उघडला. १९७५ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड गेलिस यांनी गरोदरपणातल्या मारहाणीवर छोटासा लेख लिहिला. दवाखान्यापर्यंत हे पोचायला बराच वेळ गेला. १९९२ मध्ये जुडिथ मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ह्यूस्टन आणि बाल्टिमोरमधल्या तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना एकटं गाठून थेट विचारलं, तर साधारण सहातल्या एकीने त्या गरोदरपणातच छळ झाल्याचं सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं, एवढं साधं होतं ते.

दरम्यान १९८७ मध्ये नैराश्य ओळखण्यासाठीची एडिंबरो प्रश्नावली आली. मागच्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, मुळात बाळंतिणींसाठी. पुढे गरोदर बायकांसाठीही वापरात आले. त्यात जोडीदाराबद्दल अवाक्षर नाही. एक प्रश्न तर असा, की फारसं कारण नसताना भीती किंवा धास्ती वाटली का? जिच्या भीतीला घरातच धडधडीत कारण आहे, तिने यावर कुठे खूण करायची?

२००१ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या मोठ्या पाहणीत नैराश्याचे गुण बाळंतपणानंतरच्या आठव्या आठवड्यापेक्षा गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यात जास्त निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या बहुदेशीय अहवालात गरोदरपणात मार खाल्लेल्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ४ ते १२ टक्के होतं. दोन्ही धागे ठळकपणे जुळले २०१३ मध्ये: अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर हिंसा सोसणाऱ्यांमध्ये गरोदरपणातल्या नैराश्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. त्याच वर्षी संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट सगळ्या रुग्णांना विचारू नका, पण गरोदरपणाच्या तपासणीत विचारता येईल. मात्र एकांत हवा, विचारणारीला प्रशिक्षण हवं आणि पुढे पाठवायला ठिकाण हवं.

आधी मार की आधी नैराश्य, हा गुंता मात्र राहतोच. बरेचसे अभ्यास दोन्ही गोष्टी एकाच वेळी विचारतात, त्यामुळे क्रम लागत नाही. बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत तर संबंध दोन्ही दिशांनी दिसला आहे.