लुगड्याचा काठ घोट्यावर की गुडघ्यावर

नऊवारी म्हटलं की आज पाडव्याची शोभायात्रा आणि नथ डोळ्यांपुढे येते. ज्या बायका हे लुगडं रोज नेसत, त्यांना मात्र काठ किती खाली सोडायचा हे स्वतःच्या मनाने ठरवता येत नव्हतं. ते जातीवर ठरे.

एक वार म्हणजे ३६ इंच. नऊ वारांचे साधारण सव्वाआठ मीटर होतात. आत परकर नसतो. लुगडं कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची, पदर मापून खांद्यावर टाकायचा, उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून पोटाशी खोचायच्या, मग त्यांच्या खालच्या कडेचा मध्य दोन पायांतून मागे नेऊन कमरेत खोचायचा. हा काष्टा. सगळा भार त्या पहिल्या गाठीवर असतो. ती सैल राहिली तर वाकताना काष्टा सुटतो. काष्टा जास्त ओढला तर निऱ्या वर चढतात आणि पोटऱ्या उघड्या पडतात. चिखलात रोपं लावणाऱ्या बाईला आखूड लुगडंच सोयीचं. ब्राह्मण घरांत काठ घोट्यावर आला पाहिजे, असा दंडक.

पण आखूडपणा नुसता सोयीचा असता, तर त्यात अपमान नसता. महार स्त्रियांना लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवून नेसावं लागे. काठ ही लुगड्याची शोभा. ती दिसणं हा वरच्या जातींचा मान समजला जाई. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा कपड्यांचा विषय किरकोळ नव्हता. लुगडं नेसण्याची जुनी पद्धत, गळ्यातल्या गळसऱ्यांचे थर, हातातले कोपरापर्यंतचे दागिने, या खुणांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. घोट्यापर्यंत लुगडं कसं नेसायचं, हे चळवळीतल्या टिपणीस आणि चित्रे कुटुंबांतल्या स्त्रियांनी त्यांना नेसवून दाखवलं.

ब्राह्मण घरांतला झगडा वेगळा होता. १८८३ मध्ये अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींपुढे अडचण थंडीची होती: काठ घोट्यावर आला तरी काष्ट्यात पोटऱ्या मागून नीट झाकल्या जात नाहीत. त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. एवढा साधा, शहाणपणाचा बदलसुद्धा तेव्हा धाडसाचा होता, कारण काष्टा म्हणजे धर्माचरण. पुढे परकरावरची गोल साडी शहरांत रुळली, तेव्हाही सकच्छ (काष्टा घालून) की विकच्छ (काष्ट्याविना) हा वाद सुटला नाही. पुष्कळ घरांत रोज गोल साडी, पण सोवळ्याच्या स्वयंपाकाला आणि पूजेला नऊवारीच, अशी तडजोड वर्षानुवर्षं चालली.

म्हणजे एकीकडे काष्टा सोडण्यासाठी झगडा, दुसरीकडे तेच लुगडं घोट्यापर्यंत आणण्यासाठी. मराठी स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिताना पहिलाच प्रवाह मोठा करून सांगितला जातो, हे मला चुकीचं वाटतं. बाईच्या अंगावरचं कापड दुसऱ्याने ठरवायचं नाही, ही मागणी महाडला जास्त धारदार होती. तिथे नवऱ्याच्या, सासूच्या बरोबरीने अख्खं गाव समोर उभं होतं.

आता शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवायची, कमरेला नाडी किंवा हुक, निऱ्या आधीच शिवलेल्या. काष्टा सुटायची धास्ती नाही. बिघडते ती बहुधा मापात: कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची पायांतल्या चपलेसकट घेतली नाही, तर काठ वर राहतो, आसन तंग शिवलं तर मांडी घालून बसताना शिवण उसवते. साडी टाकायला गेलं की शिंपी विचारतो, कोणती शिवू? प्रकारांच्या यादीत पेशवाई असते, मस्तानी असते, आणि घोट्यापर्यंतच्या नेसणीला आजही ब्राह्मणी म्हणतात.