एसजीपीटी नॉर्मल, मग ऑपरेशनला भीती कसली?

"आमचे मामा दारूला शिवत नाहीत, एसजीपीटी पण नॉर्मल. मग हर्नियाच्या ऑपरेशनआधी सर्जन लिव्हरचं काय घेऊन बसलेत?" सोलापुरात सात रस्त्याजवळच्या टपरीवर, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या भाच्याचा हा सवाल. समज जुना आहे आणि दोन्हीकडून चुकीचा.

लिव्हरच्या पेशींना सध्या किती इजा होतेय, एवढंच एसजीपीटी ही रक्ततपासणी सांगते. लिव्हर काम किती करतंय, ते नाही. सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होतं तेव्हा, धड पेशीच कमी उरतात, म्हणून आकडा खुशाल नॉर्मल येऊ शकतो. आणि सिऱ्हॉसिस दारूशिवायही होतो: हिपॅटायटिस बी, सी, किंवा मधुमेह नि सुटलेल्या पोटाबरोबर येणारं फॅटी लिव्हर.

सर्जन बघतात ते बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर, पोटातलं पाणी आणि रुग्णाची शुद्ध. या पाचांवरून चाइल्ड-प्यू गट ठरतो: 'ए' सर्वांत बरा, 'सी' सर्वांत वाईट. मूळ मांडणी १९६४ची, सुधारणा १९७३ची. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांत पोटाच्या ऑपरेशननंतर दगावण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत 'ए' गटात साधारण १० टक्के, 'बी'त ३०, 'सी'त ७०च्या वर. म्हणजे 'ए'वाल्याला ऑपरेशन बंद, असंही नाही.

मामांचा एसजीपीटी ३२. मागच्या पानावर अल्ब्युमिन २.६, म्हणजे कमी, आणि आयएनआर १.९, म्हणजे जास्त. भाच्यानं पान उलटलंच नव्हतं! अशा वेळी पोटात पाणी असेल, तर आधी ते आटोक्यात आणतात, मग तारीख देतात. हर्निया अडकला, तर मात्र थांबायला सवड नसते.