जठरातली गाठ ‘जिस्ट’ निघाली तर

जिस्ट म्हणजे ‘गॅस्ट्रोइंटेस्टिनल स्ट्रोमल ट्यूमर’, जठर-आतड्याच्या भिंतीत होणारी वेगळ्या जातीची गाठ. तसा रिपोर्ट हातात पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: आता केमो, आता केस जाणार. दुसरं शेजारपाजारचे पुरवतात: तपासणीसाठी सुई टोचू देऊ नका, पसरतं. पहिलं वाक्य जठराच्या नेहमीच्या कॅन्सरवरून उचललेलं, दुसरं बहुतांशी भीतीतून आलेलं.

नेहमीचा कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरातून उगवतो. जिस्ट उगवते भिंतीतल्या स्नायूंच्या थरात, आतड्याच्या हालचालीला ताल देणाऱ्या कहाल पेशींच्या कुळातून. साधी केमो तिच्यावर जवळजवळ चालत नाही. ती मुळात कशाने वाढते, ते कळायला 1998 साल उजाडलं. जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींमध्ये किट जनुकाचा बिघाड दाखवला.

किट हे पेशीच्या आवरणात रोवलेलं प्रथिन. बाहेरून संदेश आला की त्याच्या आतल्या खाचेत एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जावाहकाचा, रेणू बसतो, त्याचा फॉस्फेट पुढे सरकवला जातो आणि ‘वाढ’ हा हुकूम सुटतो. संदेश थांबला की हुकूम थांबतो. बिघडलेलं किट मात्र स्टार्टर चिकटलेल्या मोटारीसारखं, बटण कुणी दाबो न दाबो, चालूच. जिस्टवरचं मुख्य औषध, इमॅटिनिबची गोळी, एटीपीच्या त्याच खाचेत जाऊन बसते. हुकूम थांबतो, पण बऱ्याच पेशी मरत नाहीत, नुसत्या गप्प राहतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद केली की पसरलेली गाठ बहुतेकदा पुन्हा वाढते.

बिघाड कुठे आहे यावर सगळं अवलंबून. किट जनुकाच्या एक्झॉन 11 या तुकड्यात असेल (सर्वाधिक रुग्णांत तिथेच असतो) तर किटचा आतला ब्रेकच निकामी झालेला असतो. रोज 400 मिलिग्रॅम इमॅटिनिब उत्तम लागू पडतं. एक्झॉन 9 असेल तर पसरलेल्या आजारात डॉक्टर 800 पर्यंत जातात. किटऐवजी त्याच्या भावंडात, पीडीजीएफआरए जनुकात, डी842व्ही हा बदल असेल तर खाचेचा आकारच असा होतो की इमॅटिनिब टिकत नाही. तिथे अ‍ॅव्हाप्रिटिनिब हे दुसरं औषध लागतं. जनुकाची तपासणी न करता महिनोन्‌महिने गोळ्या खाणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

ही तपासणी गाठीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ब्लॉकवर होते. परभणी, बीड, हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटाला जाताना ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी सोबत न्या. नुसता छापील कागद पुरत नाही. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का, तेही निघण्याआधी बघा. रिपोर्टात सीडी117 आणि डॉग1 (जिस्ट ओळखण्याच्या खुणा), गाठ किती सेंटिमीटर, 5 चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी किती आणि गाठ फुटली होती का, एवढं शोधा. फुटून पेशी पोटात पसरणं हा मोठा धोका. म्हणून सुई शक्यतो दुर्बिणीतून, जठराच्या आतल्या बाजूने घालतात आणि शस्त्रक्रियेत गाठ अख्खी काढतात. गाठ परत येण्याचा धोका जास्त असेल तर नंतर किमान 3 वर्षं गोळी.

गोळी भरपेट जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्यायची. रिकाम्या पोटी मळमळ हमखास. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, जुलाब हे नेहमीचे. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन रक्तातलं इमॅटिनिब उतरवतात. गजकर्णासाठी मेडिकलवाल्याने सहज दिलेलं इट्राकोनाझोल ते चढवतं. पुडीतला काढा काय करेल, ते पुडी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. काही जिस्ट मुळातच वर्षानुवर्षं संथ असतात. श्रेय मात्र बाबाच्या अंगाऱ्याला जातं.

पहिल्या सीटीत गाठ तेवढीच, क्वचित मोठीही दिसते. घाबरू नका. गोळी लागू पडली की गाठ आधी आतून पाणचट होते, सीटीत करडी दिसते; आकार नंतर उतरतो. घनता 15 टक्क्यांनी घटली तरी उपचार लागू पडला असं धरतात. रेडिओलॉजिस्टने फक्त आकार लिहिला असेल तर घनतेचा आकडा विचारा.

1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला इमॅटिनिबच्या सुधारित रूपाचं पेटंट नाकारलं, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळते. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि शौच डांबरासारखं काळं झालं, उठताना भोवळ आली, तर गाठीतून रक्त जात असू शकतं; पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.