नोंदवहीतला एक रकाना

ग्रामपंचायतीच्या कपाटात ‘लोकजैवविविधता नोंदवही’ नावाचं एक जाडजूड बाड असतं. निदान असायला हवं. गावातले भाताचे वाण, रानभाज्या, गुरांच्या जाती, ओढ्यातले मासे या सगळ्यांची नोंद त्यात करायची असते. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठे सापडतं, कशासाठी वापरतात, असे रकाने आखलेले असतात. त्यांच्याच रांगेत एक रकाना असतो जाणकाराच्या नावाचा. ही माहिती ज्याच्याकडची, तो कोण? सरकारी कागद असं सहसा विचारत नाही. या वहीत तो प्रश्न आला, त्यामागे बरीच मोठी भांडणं आहेत.

सदाफुलीपासून सुरुवात करता येईल. आपल्याकडे कुंपणाकडेला, देवळामागे उगवणारी ही फुलं मूळची मादागास्करची. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं तिच्यापासूनच निघाली आणि १९६०च्या दशकात अमेरिकी कंपनीने ती बाजारात आणली. मादागास्करच्या पदरात काही पडलं नाही. ही गोष्ट लुटीचं उदाहरण म्हणून नेहमी सांगतात. मात्र कॅनडातल्या संशोधकाच्या हाती जी पानं पडली, ती जमैकातून आली होती. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. मग पैसे द्यायचे कुणाला, मादागास्करला की जमैकाला? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

तोवरचा जगाचा शिरस्ता सोपा होता: वनस्पती साऱ्या मानवजातीचा वारसा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८३ साली पिकांच्या बियाण्यांबाबत हे तत्त्व कागदावरही आणलं. बियाणं सगळ्यांचं, पण त्यातून घडवलेलं संकरित वाण किंवा औषध मात्र कंपनीचं, पेटंटसकट. बहुतेक जंगलं ज्यांच्याकडे होती त्या गरीब देशांना हा हिशेब पटेना. पुढे श्रीमंत देश जंगलं वाचवण्यासाठी जागतिक करार हवा म्हणू लागले, तेव्हा गरीब देशांनी आपली अट पुढे केली. संरक्षणाची जबाबदारी आमच्यावर टाकता, तर मालकीही आमचीच माना.

त्या घासाघिशीतून निघालेला जैवविविधता कराराचा मसुदा २२ मे १९९२ रोजी नैरोबीत संमत झाला. २२ मे हा जैवविविधता दिन त्यावरूनच. दोन आठवड्यांनी, ५ जूनला, रिओ द जानेरोच्या वसुंधरा परिषदेत करार सह्यांसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून लागू झाला. भारताने १९९४ साली त्याला मान्यता दिली. अमेरिकेने सही केली, पण मान्यता आजतागायत दिलेली नाही. संरक्षण, टिकाऊ वापर आणि फायद्याचं न्याय्य वाटप ही कराराची तीन उद्दिष्टं. वर्तमानपत्रांतून पहिलंच जास्त ऐकू येतं. माझ्या मते करार उभा आहे तो तिसऱ्यावर.

यात लोक कुठे आहेत? कलम ८ (जे) मध्ये. स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा आदर करावा, त्यांच्या संमतीने ते वापरावं आणि फायद्यात त्यांना वाटा मिळेल असं पाहावं, असं हे कलम सांगतं. पण त्याची सुरुवातच होते ‘राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून’ या शब्दांनी. मानवजातीच्या हातून सुटलेली मालकी देशांच्या हाती गेली. गावापर्यंत ती पोचेलच याची हमी नाही.

कराराला अजून मान्यताच मिळत होती, तोवर हळदीचं प्रकरण आलं. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते. संस्थेने पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपण याचा विजयोत्सव केला. पण खटला हळद भारताची आहे म्हणून जिंकलेला नव्हता. शोध नवा नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. आणि त्यासाठी छापील पुरावा लागला, संस्कृत ग्रंथांपासून १९५३च्या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान पुरावा म्हणून चालत नसे. आजीने गुडघ्यावर हळद दाबली होती, याला तिथे किंमत शून्य.

त्याच दशकात, देशभरातल्या गावांत ज्ञानाची नोंद व्हावी, ही कल्पना परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी मांडली. त्याआधी सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला होता. लोकांनी राखलेलं जंगल त्यांनी पायी फिरून पाहिलं होतं.

केरळातल्या काणी आदिवासींची गोष्टही याच काळातली. १९८७ साली अगस्त्य डोंगरात हिंडताना शास्त्रज्ञ दमले, वाटाडे काणी दमेनात. ते एका रोपट्याची फळं खात होते. त्या ‘आरोग्यपच्चा’पासून ‘जीवनी’ हे औषध बनलं. परवान्याच्या दहा लाख रुपयांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, त्यासाठी त्यांचा ट्रस्ट झाला. जगभर कौतुक झालं. मग औषधाला लागणारी पानं वनखात्याच्या जमिनीवरून काढू द्यायची की नाही, यावर वाद पेटला.

भारताचा जैवविविधता कायदा २००२ साली आला आणि नोंदवही त्यात बसली. कायद्याने सक्ती झाली, पण गावं बराच काळ ढिम्म होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा धावपळ उडाली आणि हजारो गावांच्या वह्या भराभर तयार झाल्या. अशा घाईत जाणकाराचा रकाना कसा भरला गेला असेल, याची कल्पना ग्रामसेवकाला सांगायला नको. शिवाय ज्ञान लिहिलं की ते उघडं पडतं, म्हणून काही नोंदी गुप्त ठेवायची मुभा आहे. ती वापरायची असते, हे किती गावांना सांगितलं गेलं?

या कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने संहिताबद्ध, म्हणजे ग्रंथांत नोंदलेलं, पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना फायदावाटपातून सूट दिली. हळदीच्या खटल्यात ग्रंथात लिहिलेलं असणं हे आपलं हत्यार होतं. आता ग्रंथात असलं की वाटा द्यायला नको.

करार पुढे सरकत राहिला. फायदावाटपाचे नियम घालून देणारा नागोया प्रोटोकॉल २०१० मध्ये झाला. २०२२च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्याने २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं ठरवलं. अभयारण्यासाठी गावं उठवल्याच्या आठवणी असलेल्यांना हा आकडा ऐकून धडकी भरली, म्हणून त्याच वाक्यात आदिवासी आणि स्थानिक समाजांचे हक्क मानण्याचे शब्द घालून घेतले गेले.

भांडणाचा नवा मुद्दा मात्र झाडाचा नाहीच. वनस्पतीचा जनुकक्रम संगणकावर उतरवला की पान तोडायला जंगलात जावं लागत नाही आणि परवानगीही कुणाची मागावी लागत नाही. कोलंबियातल्या काली शहरात २०२४च्या परिषदेत यासाठी निधी ठरला. असा डेटा वापरून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा, आणि निदान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांसाठी असावी. देणं ऐच्छिक आहे.